कॅनडातल्या एडमंटनचा पहिला हिवाळा
भाड्याचं टाउनहाउस बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर नंतर बघा. आधी गाडी लावायच्या जागेपाशी विजेचा प्लग आहे का आणि तो चालतो का, ते पाहा. उणे 20 ला ब्लॉक हीटर, म्हणजे गाडीचं इंजिन गरम ठेवणारं विजेचं उपकरण, काही तास लावला नाही, तर सकाळी मुलं दप्तर घेऊन दारात आणि गाडी मख्ख! डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त देऊ नका, इथल्या अल्बर्टा प्रांताचा कायदाच तसा आहे. बर्फ कोण उपसणार, हे करारात लिहून घ्या. विंटर टायर इथे सक्तीचे नाहीत, तरी घ्याच. तापमान 7 अंशांखाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं. पहिल्या वर्षी मी ते पैसे वाचवले आणि थेट कुंपणात घुसलो. बॅटरी मात्र ऑक्टोबरातच तपासून घ्या.