विळी ऑनलाइन मागवावी की दुकानातून घ्यावी?

विळी दुकानात जाऊन, हाताळूनच घ्या. दोष बहुधा पाते आणि पाट जोडणाऱ्या खिळ्यात असतो आणि तो फोटोत दिसत नाही. पाट फरशीवर ठेवून पायाने दाबा, कुठलाही कोपरा उचलला जाता कामा नये. मग पाते उघडून, धार टाळून, डावी-उजवीकडे हलवा. जरा जरी डुगडुगले तरी भोपळ्यासारखं कडक काही चिरताना ते कलंडतं आणि बोट सापडतं. खवणीचे दाते सारख्या उंचीचे हवेत. लोखंडी पात्याला घरीही पटकन धार लावता येते, पण धुतल्यावर लगेच कोरडं पुसलं नाही तर गंजतं. स्टीलची साधी सुरी मात्र ऑनलाइन खुशाल मागवा. मूठ सोडून नुसत्या पात्याची लांबी किती, तेवढं वाचून घ्या.