जुन्या लॅपटॉपवर क्लाउड गेमिंग: पैसे भरण्याइतकं चांगलं आहे का?

तुमचा लॅपटॉप जुना, त्याला नवे गेम झेपत नाहीत, इंटरनेट १०० एमबीपीएसचं. तेव्हा नवा पीसी घेण्याऐवजी क्लाउड गेमिंगवर (गेम कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे नुसता व्हिडिओ येतो) भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागू शकतं. मी स्वतः मोठे कथाप्रधान गेम असेच खेळतो. पण तुमच्या प्रश्नात १०० एमबीपीएसवर जो भरवसा दिसतो, तो जरा बाजूला ठेवा. १०८०पी (फुल एचडी), ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) २०-२५ एमबीपीएस पुरतात. स्पीडपायी क्वचितच अडतं, खरं अडतं ते लॅगपायी, म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर परिणाम दिसेपर्यंतच्या उशिरापायी.

तुम्ही बटण दाबता, ते सर्व्हरला कळतं, तिथे गेम पुढची फ्रेम तयार करतो, तिचा व्हिडिओ होऊन परत येतो आणि मग तुमच्या स्क्रीनवर काहीतरी हलतं. सिनेमा बघताना पुढची काही सेकंदं आधीच उतरवून ठेवता येतात, म्हणून नेट मध्येच डळमळलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढची फ्रेम तुम्ही काय दाबणार त्यावर ठरते, त्यामुळे आधी काहीच साठवता येत नाही. ६० एफपीएसला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर फायबरमधून नुसतं जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागतात, तेही केबल सरळ रेषेत टाकली आहे असं धरून, आणि तशी ती कधीच नसते. म्हणून कंपनीची जाहिरात राहू द्या, तिचं डेटा सेंटर तुमच्यापासून किती लांब आहे ते आधी बघा.

त्यातही पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, स्थिर असणं जास्त महत्त्वाचं. सतत ४० मिलिसेकंद असेल तर हाताला सवय होते. २० वरून १२० वर आणि परत २० वर उड्या मारत असेल तर मात्र डोकं फिरतं. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की हमखास असं होतं. लॅन केबल लावा. ते शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय, आणि राउटर त्याच खोलीत. टीव्हीवर खेळणार असाल तर त्याचा गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही स्वतःचा वेगळा उशीर त्यात घालतो आणि शिव्या सर्व्हरला बसतात.

डेटाचा हिशोबही करून ठेवा. २० एमबीपीएस म्हणजे तासाला ९ जीबी. प्लॅनला मर्यादा असेल तर ती बघता बघता संपेल.

कोणते गेम चालतात? स्ट्रॅटेजी, टर्न-बेस्ड, निवांत आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) छान चालतात. फायटिंग, रिदम गेम (तालावर बटणं दाबायचे) आणि रँक्ड शूटर (क्रमवारीसाठी खेळायचे गोळीबाराचे गेम) यांच्या वाटेला जाऊ नका. समोरचा खेळाडू स्वतःच्या मशीनवर खेळत असतो आणि तुमची गोळी त्याच्यानंतर सुटते. अंधाऱ्या दृश्यांत कॉम्प्रेशनचे चौकोन दिसतात, त्यामुळे हॉरर गेमची मजा जाते. मॉड्स (खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल) लावायची सवय असेल तर तीही बहुतेक ठिकाणी सोडावी लागेल.

आता पैशांचं. फक्त क्लाउडवरच चालणारा गेम पूर्ण किंमत देऊन कधीही विकत घेऊ नका. ऑनलाइव्ह ही क्लाउड गेमिंग सेवा २०१५ मध्ये बंद पडली. गुगलचं तसंच स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि १८ जानेवारी २०२३ ला संपलं. गुगलने गेमचे पैसे परत केले, हे खरं, पण प्रत्येक कंपनीच्या खिशात गुगलइतके पैसे नसतात. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या सेवेची पद्धत मला त्यातल्या त्यात पटते: गेम तुमच्या स्टीम किंवा एपिक या ऑनलाइन गेम दुकानांतल्या खात्यावर राहतो, तुम्ही फक्त मशीन भाड्याने घेता. मात्र खात्यावरचा प्रत्येक गेम तिथे चालेलच असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गेम बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले गेम तिथून काढून घेतले होते. शिवाय पैसे भरूनही महिन्याला १०० तासांची मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या सबस्क्रिप्शनमध्ये गेमची लायब्ररी आयती मिळते, पण गेम येतात तसे जातातही.

तेव्हा आधी जीफोर्स नाऊचा फुकटचा प्लॅन वापरा. त्यात रांगेत थांबावं लागतं आणि सत्रही छोटं असतं, पण तुमची लाइन कशी आहे ते कळायला तेवढं पुरतं. चाचणी रात्रीच घ्या, घरातले सगळे नेटवर असताना. सकाळी सहा वाजता सगळंच मस्त चालतं! ठीक वाटलं तर हवा तो गेम हाताशी आल्यावर एका महिन्याचे पैसे भरा आणि त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसला तरी नको. रोज मित्रांबरोबर मल्टिप्लेयर खेळायचा बेत असेल, तर सेकंडहँड पीसीसाठी पैसे साठवलेले बरे.

आणि घरात भावाबहिणीचा गेमिंग पीसी असेल तर सबस्क्रिप्शनची गरजच नाही. त्या पीसीवर गेम पाठवणारं सनशाइन, तुमच्या लॅपटॉपवर तो दाखवणारं मूनलाइट ही सॉफ्टवेअर टाका. दोन्ही फुकट आहेत, आणि सर्व्हर पलीकडच्याच खोलीत असल्यामुळे लॅगही कमी. फक्त तो पीसी त्या वेळी रिकामा मिळायला हवा.