हिरवी वांगी भाजताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चंपाषष्ठी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये भरिताविषयीच्या प्रश्नांची संख्या एकदम वाढते. यंदा आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न खानदेशातील हिरव्या, पांढरट रेघांच्या वांग्यांचे भरीत घरी कसे करावे याविषयीचे असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न: माझे माहेर यावल तालुक्यातील आहे. गेली बारा वर्षे मी पुण्यात राहते. ओळखीच्या माणसांकडून मुद्दाम जळगावची वांगी मागवून गॅसवर भाजते. परंतु साल जळून जाते, गर मधोमध कच्चा राहतो, परतताना पाणी सुटते आणि तासाभरात भरीत काळपट दिसू लागते. आईच्या हातचे भरीत हिरवट-पांढरे, कोरडे आणि धुराच्या वासाचे असे. माझे नेमके कुठे चुकते? (पुणे)

उत्तर: ताई, तुमच्या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे. तुमचे वांगे बाहेरून जळते आहे, आतून भाजले जात नाही. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि त्याचा गर स्पंजासारखा हवेने भरलेला असतो. ही हवा उष्णतेला सहजासहजी आत शिरू देत नाही. त्यामुळे मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत साल काळी ठिक्कर पडते आणि आपण वांगे भाजले असे समजून ते उतरवतो, तेव्हा देठाखालचा जाड भाग नुसता कोमट झालेला असतो. शेतात भरीत भाजताना कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्या वापरतात. त्यांचा जाळ भडकतो आणि लवकरच खाली बसतो, आणि वांग्याचे उरलेले भाजणे निखाऱ्यांवर आणि गरम राखेत सावकाश होते. तुमच्या आईच्या भरितातील चव या दोन टप्प्यांमधून येत होती आणि गॅसवर आपल्याला हेच दोन टप्पे पाळायचे आहेत.

वांगे धुऊन पूर्ण कोरडे करावे. देठ काढू नये, कारण उलटपालट करताना तोच हाताशी येतो. टोकाकडून देठाच्या बोटभर अलीकडेपर्यंत सुरीने एकच उभी चीर द्यावी. या चिरेतून वाफ बाहेर पडते आणि वांगे फुटत नाही. शिवाय आतील गर एकदा डोळ्यांनी पाहून घेता येतो. बर्नरवर जाळी ठेवून पहिली तीन मिनिटे आच मोठी ठेवावी आणि वांगे सतत फिरवत राहावे, म्हणजे साल सगळीकडून करपेल आणि धुराचा वास गरात उतरेल. त्यानंतर आच मध्यमपेक्षा कमी करून दर दोन मिनिटांनी कूस बदलत राहावे. साधारण चारशे ग्रॅमच्या वांग्याला एकूण अठरा ते वीस मिनिटे लागतात. शेवटची चार मिनिटे वांगे चिमट्यात उभे धरून देठाकडचा भाग आचेवर शेकावा, कारण बहुतेक घरांत कच्चे राहते ते तिथेच. वांगे भाजले की नाही हे घड्याळापेक्षा वांगेच चांगले सांगते. चिरेतून फेसाळ रस येऊन जाळीवर चुरचुरू लागतो, देठ धरून उचलल्यास वांगे ओल्या कापडासारखे खाली लोंबते, आणि देठालगत खुपसलेली विणायची सुई कुठेही न अडता आरपार जाते. ही तिसरी खूण पटल्याशिवाय वांगे उतरवू नये.

उतरवलेली वांगी परातीत ठेवून दहा मिनिटे झाकावीत, म्हणजे वाफेने साल सुटते. साल काढताना हात पाण्यात बुडवून घ्यावेत, परंतु वांगे नळाखाली धरू नये. वीस मिनिटे खपून मिळवलेला सगळा धूर त्या धारेबरोबर वाहून जातो आणि गर पाणचट होतो. जळलेल्या सालीचे चार-दोन कण राहिले तर बिघडत नाही, मूठभर राहिले तर भरीत कडवट लागते. सोललेले वांगे चाळणीत उभे चिरून पंधरा मिनिटे निथळत ठेवावे. खाली जमलेले तपकिरी पाणी चाखून पाहावे आणि ते कडू असेल तर टाकून द्यावे. परतताना सुटणारे पाणी ते हेच. ते आधी निघून गेले की भरीत कोरडे होते.

आता रंगाविषयी. कापलेले कच्चे वांगे हवेत काळे पडते, कारण त्यातील विकरे हवेतील प्राणवायूबरोबर काम करू लागतात. पूर्ण तापलेल्या गरात ही विकरे निकामी झालेली असतात, अर्धवट तापलेल्या गरात मात्र ती जिवंत राहतात. म्हणून मधोमध कच्चे राहिलेले वांगे ठेचल्यावर तासाभरात काळवंडते. आमच्या घरी भरितात हळद आणि मसाला घालत नाहीत, आणि खानदेशातील पुष्कळ घरांत हीच रीत आहे, त्यामुळे गराचा मूळ रंग झाकायला काहीच नसते.

ठेचण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही लिहिते. गावाकडे भरीत बडगी नावाच्या लाकडी भांड्यात मुसळीने ठेचतात. बडगी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात लाकडी रवीच्या मागच्या टोकाने ठेचावे, परंतु मिक्सर लावू नये. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जाऊन कडवटपणा सुटतो आणि गराचे धागे तुटून चिकट लगदा तयार होतो, ज्याला भरीत म्हणणे मला जड जाते. एक किलो वांग्यांसाठी आठ-दहा पोपटी, बेताच्या तिखट मिरच्या आणि पंधरा लसूण पाकळ्या वांग्यांसोबतच जाळीवर भाजून घ्याव्यात. मिरच्यांना आधी सुरीने टोचावे, नाहीतर त्या फुटून अंगावर उडतात. मिरच्या, लसूण आणि दीड चमचा मीठ आधी ठेचून मग त्यात गर ठेचावा. तीन मोठे चमचे तेलात अर्धी वाटी शेंगदाणे तांबूस तळून त्यातच जिरे तडतडवावे, एका जुडीची चिरलेली कांद्याची पात घालून ती जेमतेम मऊ होऊ द्यावी, मग गर घालून दोन-तीन मिनिटेच परतावे आणि वरून भरपूर कोथिंबीर घालावी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, असेल तर आणखी काही लागत नाही.

प्रश्न: आम्ही परदेशात राहतो. घरात विजेची शेगडी आहे, त्यामुळे ज्योत नाही, आणि हिरवी वांगीही मिळत नाहीत. ओव्हनमध्ये भरीत होईल का? (न्यू जर्सी)

उत्तर: होईल, आणि गर शिजण्याच्या दृष्टीने ओव्हन गॅसपेक्षा अधिक भरवशाचे आहे, कारण उष्णता चारही बाजूंनी सारखी लागते. ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर पूर्ण तापवून घ्यावे. वांग्याला तेलाचा हात लावून चार-पाच ठिकाणी खोलवर टोचावे आणि ट्रेमध्ये ठेवून चाळीस ते पन्नास मिनिटे भाजावे. मध्ये एकदा कूस बदलावी. शेवटची पाच मिनिटे वरची ग्रिल लावून साल करपू द्यावी. न टोचलेले वांगे ओव्हनमध्ये फुटते आणि त्याचा गर काढण्यात दुपार जाते, म्हणून ती पायरी गाळू नये.

ओव्हनमध्ये कमी पडतो तो धूर. त्यासाठी ठेचलेल्या भरिताच्या मधोमध लहान वाटी ठेवून तिच्यात लाल निखारा ठेवावा, त्यावर अर्धा चमचा तेल सोडून झाकण लावावे आणि चार मिनिटांनी निखारा काढून टाकावा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा बाहेर अंगणात करावे, कारण पेटत्या कोळशातून निघणारा विषारी वायू बंद खोलीत साठतो आणि त्याला वास नसतो.

वांगे निवडताना हिरव्या रंगाचा आग्रह धरून थाई दुकानातील लहान गोल हिरवी वांगी मात्र घेऊ नयेत. ती बियांनी गच्च भरलेली आणि घट्ट गराची असतात व भाजल्यावर मऊ पडत नाहीत. त्यापेक्षा मोठे जांभळे वांगे घ्यावे, फक्त ते आकाराच्या मानाने हाताला हलके लागले पाहिजे. जड वांग्यात बिया जास्त असतात असा माझा अनुभव आहे. जळगावच्या वांग्याचे कौतुक होते ते कमी बिया, पातळ साल आणि गोडसर गर यांमुळे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. यावल तालुक्यातील बामणोदच्या वांग्यांचे नाव तर जिल्ह्याबाहेरही घेतले जाते.

प्रश्न: भोक नसलेले वांगे निवडून आणले तरी भाजून सोलल्यावर आत अळी सापडते. सगळे भरीत टाकून द्यावे लागते. यावर काही उपाय? (नाशिक)

उत्तर: आपण जे भोक पाहून वांगे बाजूला ठेवतो, ते बहुधा अळी बाहेर पडल्याचे असते. शेंडे आणि फळे पोखरणारी ही अळी अंड्यातून निघाल्यावर अगदी लहान असतानाच, बहुतेक वेळा देठाच्या टोपीखालून, फळात शिरते आणि ती जागा नंतर दिसेनाशी होते. म्हणजे भोक नसलेल्या वांग्यात अळी अजून आत असू शकते. म्हणूनच वर सांगितलेली उभी चीर भाजण्यापूर्वी द्यावी आणि दोन्ही बाजू अलगद फाकवून उजेडात पाहावे. गरात तपकिरी बोगदा दिसला तर ते वांगे भरिताला घेऊ नये. देठाची टोपी हिरवी, ताठ आणि फळाला घट्ट चिकटलेली असलेली वांगी घेतल्यास असे वांगे हाती येण्याचा संभव कमी होतो, पण चीर देऊन पाहणे चुकवू नये.

प्रश्न: चंपाषष्ठीच्या नैवेद्याच्या भरितात कांदा-लसूण चालतो का? (सातारा)

उत्तर: खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य असतो, आणि चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा-वांगे अनेक घरांत या दिवशी पुन्हा खायला सुरुवात करतात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी नैवेद्याच्या भरितात कांद्याची पात असते. घराण्यागणिक रीत बदलते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याप्रमाणे करावे.

प्रश्न: डिसेंबरमध्ये गावी शेतात पंचवीस माणसांची भरीत पार्टी करायची आहे. माझ्या सासूबाई हे सगळे करत असत, त्या आता नाहीत. वांगी किती घ्यावीत आणि कशी भाजावीत? (भुसावळ)

उत्तर: भरीत हेच मुख्य जेवण असल्याने माणशी पाव किलोपेक्षा थोडी अधिक, म्हणजे एकूण सात किलो वांगी घ्यावीत. सोलून आणि निथळून त्यांचा साधारण चार किलो गर हाती येतो. वांगी शक्यतो एकाच आकाराची असावीत, नाहीतर लहान वांगी करपतात आणि मोठी कच्ची राहतात. जागा मोकळी करून घ्यावी आणि वाळलेल्या कडब्यापासून किंवा गंजीपासून दूर, वारा आडोशाने अडेल अशा ठिकाणी पऱ्हाट्यांचा गुडघाभर थर रचावा. वांगी एकावर एक न टाकता एकाच थरात पसरावीत आणि वरून थोड्या पऱ्हाट्या घालून पेटवावे. जाळ बसला की लांब काठीने वांगी उलटवून निखाऱ्यांवर ओढून घ्यावीत. पाण्याची बादली हाताशी असू द्यावी. चिरा देण्याचे काम घरूनच उरकून जावे, आणि मिरच्या तारेत ओवून न्याव्यात, म्हणजे राखेत हरवणार नाहीत.

सासूबाईंची बडगी घरात असेल तर ती आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवावी. वर्षभर पडून राहिलेल्या लाकडाला कुबट वास लागतो आणि गरम गर तो लगेच ओढून घेतो. सात किलो एकदम बडगीत मावणार नाही, म्हणून तीन घाणे करून ठेचावे, प्रत्येक वेळी मिरची आणि मीठ आधी घालावे, आणि पहिला घाणा होताच कुणाला तरी भाकरीच्या तुकड्यावर चाखायला देऊन मिठाचा अंदाज घ्यावा. पुढच्या दोन घाण्यांचे मीठ त्याप्रमाणे ठरवता येईल.