वाचकांचे प्रश्न : समुद्रकाठच्या एका गावाला प्रदक्षिणा

प्रश्न : माझा मुलगा आयर्लंडमध्ये कॉर्कला नोकरीला आहे. येत्या जुलैत मी आणि माझे यजमान तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जातोय. मी ६६ वर्षांची, हे ७१. डब्लिन, मोहेरचे कडे वगैरे मुलगा दाखवणारच आहे; पण मला एखाद्या जुन्या, समुद्रकाठच्या खेड्यात नुसतं पायी हिंडायचंय. माझ्या जाऊबाई म्हणतात, आपल्याकडे हर्णै-मुरुड असताना तिकडच्या पडक्या भिंती बघायला कशाला जायचं? कोणतं गाव निवडावं आणि तिथे दिवसभर करायचं काय? माझे गुडघे बेताचेच आहेत.
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आर्डमोरला जा. वॉटरफर्ड परगण्यातलं, दक्षिण किनाऱ्यावरचं छोटंसं गाव आहे. कॉर्कपासून साधारण ६० किलोमीटर. मी तिथे तीनदा गेले आहे आणि चौथ्यांदा जायची माझी तयारी आहे, म्हणून पर्याय म्हणून दुसरं नाव देत नाही.

आधी एक सांगते. माझी मुलगी कॉर्कला शिकत होती तेव्हा आम्ही पहिल्यांदा आयर्लंडला गेलो आणि ‘एका दिवसात तीन किनारी गावं’ अशी सहल घेतली. व्हॅनमधून उतरायचं, चाळीस मिनिटं, परत चढायचं. रात्री मुलीने विचारलं, काय काय पाहिलंत? मला तिन्ही गावांचे वाहनतळ नीट आठवत होते, बाकी सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. तेव्हा एकच गाव, आणि जमलं तर एक रात्र मुक्काम. मुलाला रजा नसेल तर कॉर्कहून बस आहे. ती यॉल या जुन्या बंदराच्या गावावरून जाते. त्याचं इंग्रजी स्पेलिंग बघून तुम्ही ‘यूघल’ म्हणाल, पण तिथे सगळे ‘यॉल’च म्हणतात. फेऱ्या थोड्या असतात. परतीची वेळ जातानाच विचारून ठेवा.

आता गाव. आयरिशमध्ये ‘आर्ड मोर’ म्हणजे मोठी उंच जागा. खाली वाळूचा अर्धगोल किनारा, त्याला लागून एकच मुख्य रस्ता, काही घरांवर अजून गवताचं शाकार, आणि मागे चढावर एक दगडी मनोरा. बसमधून आधी तोच दिसतो. हे गाव संत डेक्लनचं. परंपरा सांगते की पाचव्या शतकात, संत पॅट्रिक यायच्याही आधी, डेक्लनने या भागात ख्रिस्ती धर्म आणला आणि इथे मठ वसवला. आळंदी म्हटलं की जसे ज्ञानोबा, तसं आर्डमोर म्हटलं की डेक्लन.

तुमच्या जाऊबाईंना पडक्या भिंतींबद्दल वाटतं ते मी समजू शकते. गाईडबुक हातात घेऊन एकेक अवशेष ‘करत’ गेलं तर त्या भिंतीच राहतात. तिथले भाविक मात्र तसे हिंडत नाहीत, ते फेरे घालतात. विहिरीला फेरा, थडग्याला फेरा, देवळाला फेरा. आणि फेरा घालायचा तो सूर्य फिरतो त्या दिशेने, म्हणजे पवित्र वस्तू उजव्या हाताला ठेवून. या दिशेला आयरिशमध्ये जो शब्द आहे तो ‘जेस’ या शब्दावरून आलाय. ‘जेस’चे अर्थ दोन : उजवा आणि दक्षिण. उगवतीला तोंड करून उभं राहा, म्हणजे उजवा हात दक्षिणेला येतो. संस्कृतातल्या ‘दक्षिण’चेही हेच दोन अर्थ, आणि भाषाशास्त्र सांगतं की दोन्ही शब्द एकाच मुळातून निघालेत. हे कळलं त्या दिवशी मी डेक्लनच्या विहिरीपाशी बसून होते, आणि ‘प्रदक्षिणा’ हा आपला शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला असं मला वाटलं. म्हणून म्हणते, तुम्ही गाव बघायला जाऊ नका. गावाला एक प्रदक्षिणा घाला.

वाट आयती आहे. गावाच्या वरच्या टोकापासून कड्यावरून जाणारी सुमारे चार किलोमीटरची पायवाट भूशिराला वळसा घालते आणि मनोऱ्यापाशी पुन्हा गावात उतरते. निघालात की समुद्र डाव्या हाताला, जमीन उजव्या हाताला. नकाशावर बोट फिरवून पाहा, आपली प्रदक्षिणा होते तश्शीच. धडधाकट माणसं तासाभरात संपवतात. तुम्ही अडीच तास धरा.

चढ सुरुवातीला आहे, सावकाश आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या थांबत थांबत चढत असाल तर हेही जमेल. चढ संपतो तिथेच डेक्लनची विहीर आणि शेजारी एका लहान चर्चचा सांगाडा. इथे घाई करू नका. चर्चच्या भिंतीतल्या दगडांवर क्रूस कोरलेले दिसतील. छिन्नीने नव्हे, खड्याने. येणारा प्रत्येक भाविक खाली पडलेला खडा उचलतो, क्रूसाच्या खोबणीतून एकदा उभा आणि एकदा आडवा फिरवतो आणि खडा परत ठेवतो. मी बोट घालून पाहिलं. खोबणीचा तळ गुळगुळीत आणि गार होता, जुन्या सहाणेवर मध्यभागी पडतो तसा खळगा. कडेला हिरवट शेवाळ आणि आत ताज्या घासण्याची पांढरी भुकटी. आमच्या आधी तासा-दोन तासांत कुणीतरी येऊन गेलं होतं. पडक्या भिंतींबद्दल जाऊबाईंना सांगायचं झालं तर ही भुकटी सांगा.

पुढे वाट उघड्या कड्यावर येते. खाली खडकांत एक गंजलेलं अजस्र धूड दिसेल. ते ‘सॅमसन’ नावाचं क्रेनजहाज. १९८७ च्या हिवाळ्यात लिव्हरपूलहून माल्टाला ओढून नेताना वादळात दोर तुटला आणि ते इथे येऊन आदळलं. आता त्यावर कुरव बसतात. याच टप्प्यावर वारा फार असतो. छत्री घेऊ नका, उलटी होते. टोपीचं जाड जर्किन घ्या. जुलै असला तरी दुपारचं तापमान आपल्या डिसेंबरच्या सकाळसारखं असू शकतं. वाट कड्याच्या अगदी काठाने जाते, तेव्हा यजमानांना फोटोसाठी मागे मागे सरकू देऊ नका.

वाट उतरते ती मनोऱ्यापाशी. सुमारे ३० मीटर उंच, बाराव्या शतकातला, वर दगडाचीच निमुळती टोपी. आयरिशमध्ये अशा मनोऱ्याला ‘घंटाघर’ म्हणतात. दार जमिनीपासून चार मीटर वर आहे, शिडी लावूनच आत जायचं. शांत दिसतो, पण १६४२ च्या युद्धात इथे वेढा पडला होता आणि शरण आलेल्यांपैकी अनेकांना फासावर चढवलं गेलं. शेजारच्या भग्न कॅथेड्रलच्या पश्चिम भिंतीवर बाहेरच्या बाजूने कमानींत शिल्पं आहेत. पाऊस आणि खारा वारा खाऊन ती मेणासारखी वितळल्यागत झालीत, तरी झाडाच्या दोन बाजूंना उभे आदम आणि इव्ह ओळखू येतात. बायबलमधल्या शलमोन राजाचा न्यायही आहे : एक बाळ आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या दोन आया. ऊन पश्चिमेकडून येतं तेव्हा, म्हणजे दुपारी उशिरा, ती उठून दिसतात. जुलैत तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा वेळ भरपूर आहे.

त्याच आवारात एक लहानशी खोली आहे. इथे डेक्लनचं थडगं असल्याचं मानतात. खोली आठव्या शतकातली म्हणतात, म्हणजे आपल्या पाताळेश्वराच्या वयाची. छप्पर १७१६ मध्ये नव्याने घातलेलं. आत जमिनीत नुसता खड्डा आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी इथली माती अंगाऱ्यासारखी घरी नेली, म्हणून खड्डा पडला. मी दारात उभी राहिले आणि माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातली पंढरपूरच्या वाळवंटातली वाळूची पुरचुंडी आठवून डोळे भरून आले.

शेवट समुद्रावर. किनाऱ्याच्या गावाकडच्या टोकाला, दोन खडकांवर टेकलेला एक मोठा धोंडा आहे. डेक्लनची घंटा वेल्समध्ये विसरली होती, ती घेऊन हा धोंडा लाटांवरून तरंगत आला, अशी कथा. पूर्वी पाठदुखी जावी म्हणून लोक त्याच्याखालून सरपटत जात. मनात पाप असेल तर जाता येत नाही म्हणे. तुम्ही मात्र गुडघ्यांचा विचार करून फक्त हात लावा. पण हे ओहोटीला! आर्डमोरच्या पहिल्या खेपेला आम्ही भरतीच्या वेळी पोहोचलो आणि धोंड्याच्या अलीकडे पाण्यात उभे राहिलो. म्हणूनच तिथे रात्र काढली आणि सकाळी ओहोटीला गेलो. दिवस ठरवण्याआधी मुलाला भरती-ओहोटीची वेळ पाहायला सांगा, बाकी सगळं त्यावरून मागेपुढे करता येतं.

आणि तुम्ही जुलैतच जाताय हे फार चांगलं. २४ जुलै हा डेक्लनचा दिवस, त्याच्या आसपास गावात ‘पॅटर्न’ असतो. आपली जत्राच. कॅशेलपासून आर्डमोरपर्यंत ११५ किलोमीटरची डेक्लनची पायवाटही आहे, डोंगर ओलांडून येणारी. पालखी दिवेघाट चढताना तुम्ही कधी पाहिली असेल, तर त्या वाटेने चालत आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे जरूर बघा. मी एका बाईंना बूट काढून पाय समुद्रात बुडवताना पाहिलं. ओळख नव्हती, पण आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

गुडघे फारच कुरकुरले तर विहिरीपर्यंत जाऊन परत फिरा आणि मनोऱ्याला खालच्या रस्त्याने जा. त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. अशा खेड्यात खायला काय मिळेल? सोबत काय न्यावं? शिवाय आयरिश व्हिसावर उत्तर आयर्लंड बघता येईल का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : दुपारी भाज्यांचं गरम सूप आणि त्याबरोबर सोडा घालून केलेला काळसर गव्हाचा पाव जवळपास कुठेही मिळतो, पोट भरतं. सूपमध्ये चिकनचा स्टॉक आहे का, हे मात्र आधी विचारा. थालीपीठ, बाकरवडी, चिवडा, चटण्या खुशाल न्या. तूप, पेढे, खवा असं दुधाचं काही आणि मांसाचं काहीही नेऊ नका; युरोपीय संघाबाहेरून सामानात ते नेण्यास बंदी आहे.

युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच व्हिसा चालतो तो शेंगेन; आयर्लंड त्यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग. सीमेवर रस्त्यात तुम्हाला कुणी थांबवणार नाही, तरी परवानगी लागतेच. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे : तुमच्या अल्पमुदतीच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं असतील तर त्याच व्हिसावर तिकडे जाता येतं, फक्त आधी आयर्लंडमध्ये उतरायचं. ती अक्षरं नसतील तर जाऊ नका.

प्रश्न : मी मोडी लिपी शिकतोय. आयर्लंडमधल्या दगडांवर ओगम नावाची लिपी असते असं वाचलं. ती नुसत्या रेघांची असते म्हणे. महिन्याभराने जातोय, मला थोडीतरी वाचता येईल का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : तुमच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. आर्डमोरच्या त्याच भग्न कॅथेड्रलमध्ये ओगमचे दगड ठेवलेले आहेत, आणि एक शब्द तुम्ही नक्की वाचू शकाल.

मोडीत शिरोरेघ आधी ओढतो आणि अक्षरं तिला लटकवतो. ओगममध्ये दगडाची उभी धार हीच ती रेघ. वाचायचं खालून वर. मूळ अक्षरं २०, पाचापाचांचे चार गट : धारेच्या उजवीकडे एक ते पाच रेघा, डावीकडे एक ते पाच, धार ओलांडणाऱ्या तिरक्या एक ते पाच, आणि स्वरांसाठी धारेवरच एक ते पाच खाचा. संपली लिपी. मजकूर बहुतेक ठिकाणी एकच असतो, अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा. आपल्या वीरगळीवर नाव कोरलेलं सापडलं की जसं होतं, तसंच होतं बघा.

तुम्ही ‘माकी’ हा शब्द शोधा. अर्थ ‘मुलाचा’, आजच्या आयरिश आडनावांतला ‘मॅक’ तो हाच. ‘म’ची एक तिरकी रेघ, ‘आ’ची एक खाच, मग ‘क’साठी डावीकडे पाच रेघा, शेवटी ‘ई’च्या पाच खाचा. एकूण बारा खुणा. आर्डमोरच्या एका दगडावर लुगुडेकस हे नाव आहे आणि त्याच्या पुढे हा शब्द येतो. मला पहिल्या वेळी खाचा दिसल्याच नाहीत, कारण डोक्यावर ऊन होतं. संध्याकाळी परत गेले, मोबाइलचा दिवा दगडाच्या बाजूला आडवा धरला आणि सावलीत पाचही खाचा एकेक करून उमटल्या.

खुणा उठून दिसाव्यात म्हणून खडू घासू नका, पाणी ओतू नका. बाजूने पडणारा उजेड पुरतो.