वडिलांच्या लेथवर पहिला यो-यो

प्रश्न : मी कोल्हापूरला अकरावी सायन्सला आहे. बाबांचं गोकुळ शिरगावला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवरच्या, जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. मला यो-योचं वेड आहे. कॅनडाच्या ‘कॅरिबू लॉज’ कंपनीचा ‘पीक’ (Peak) आणि डंकन कंपनीचा मॅग्नेशियमचा ‘फ्रीहँड’ हे माझे स्वप्नातले यो-यो. स्वतःच्या डिझाइन्सनी माझी एक वही भरली आहे. मला यो-यो डिझायनर व्हायचंय. आई म्हणते, आधी सीईटीचं बघ. अशी नोकरी खरंच असते का? आणि साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड पीक घेऊ का?

उत्तर :

नोकरीचं आधी सांगते. फक्त यो-यो डिझाइन करून पगार घेणारी माणसं जगभरात अगदी मोजकी आहेत. त्या एका जागेवर डोळा ठेवून बारावीनंतरचा रस्ता ठरवू नकोस. पण तुझ्या वहीत जे चाललंय, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा आकार, वजन आणि धातू यांचा विचार, त्यावर पोट भरणारी माणसं तुझ्या बाबांच्या एमआयडीसीतच पुष्कळ आहेत. म्हणून आईचं म्हणणं आणि तुझं म्हणणं मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाही.

तुझ्या आवडीच्या जगातली माणसं बघ. फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी 1928 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराला यो-योचा कारखाना काढला. त्यांच्या यो-योत दोरी आसाला घट्ट बांधलेली नसायची, नुसता फास असायचा. त्यामुळे खाली गेलेला यो-यो लगेच वर न येता तिथेच फिरत राहायचा. आजच्या बहुतेक ट्रिक्स त्या एका बदलावर उभ्या आहेत. पुढे त्यांचा धंदा डंकन कंपनीच्या डोनल्ड डंकन यांनी विकत घेतला. टॉम कुन हे सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य. त्यांनी 1970 च्या दशकात ‘नो जाइव्ह’ हा लाकडी यो-यो केला. तो उघडायचा आणि त्याचे भाग उलटसुलट जोडून तीन वेगळे आकार करता यायचे. त्यांनीच नंतर बॉल बेअरिंगचा ॲल्युमिनियम यो-योही काढला. ओरेगनमधल्या युजीनची ‘वन ड्रॉप’ ही मंडळी स्वतःच्या मशीन शॉपमध्ये यो-यो कापतात. एकाकडे दुसराच व्यवसाय होता, दुसऱ्यांकडे मशीन होती. तुझ्या घरी मशीन आहे, आणि माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे.

आता पीकबद्दल. संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात, कारण तो छोट्या बॅचमध्ये निघाला, प्रत्येक रंगसंगतीचे थोडेच नग झाले आणि हातात बसणारा त्याचा आकार लोकांच्या मनात राहिला. मॅग्नेशियमच्या फ्रीहँडची ओढ वेगळी. ॲल्युमिनियमची घनता 2.7 ग्रॅम प्रति घन सेंमी, मॅग्नेशियमची जेमतेम 1.7, त्यामुळे त्याच वजनात भिंती जाड ठेवता येतात आणि हाताला लागणारा स्पर्शच बदलतो. टायटॅनियमचा यो-यो फरशीवर घासला की ठिणग्या उडतात, त्यामुळेही लोक त्याच्यामागे लागतात. हे सगळं मनापासून आवडण्यासारखं आहे. ती ओढ बालिश आहे असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

पण तू पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस, ते पाहून एक स्पष्ट सांगते. तुझी जवळपास सगळी चित्रं बाहेरून काढलेली आहेत. रंग सुंदर आहेत, पण छेद, म्हणजे यो-यो मधोमध कापल्यावर दिसेल ते चित्र, एकाही पानावर नाही. यो-यो डिझाइन होतो तो छेदातच. अर्ध्या भागाचा अर्धा छेद काढायचा आणि कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, तो आसाभोवती फिरवायचा. आजचे स्पर्धेचे यो-यो साधारण 54 ते 58 मिमी व्यासाचे आणि 62 ते 68 ग्रॅम वजनाचे असतात. आत बहुतेकदा ‘सी’ साइझचं बेअरिंग बसतं : आतला व्यास 6.35, बाहेरचा 12.7, रुंदी 4.76 मिमी. एवढी मापं पक्की धरली की उरलेला प्रश्न एकच, ग्रॅम कुठे ठेवायचे? भौतिकशास्त्रात जडत्वाचा आघूर्ण (मोमेंट ऑफ इनर्शिया) असतो ना, तोच इथे कामाला येतो. आसापासून 9 मिमीवर ठेवलेला एक ग्रॅम आणि 27 मिमीवर ठेवलेला एक ग्रॅम, यात दुसरा नऊपट काम करतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या अंगाला कडेला स्टीलची रिंग बसवलेले यो-यो इतका वेळ फिरतात. मात्र सगळं वजन कडेला ढकललं की यो-यो दोरीवर जड आणि हट्टी होतो. या दोन टोकांमध्ये तू कुठे थांबतेस, ते तुझं डिझाइन.

मे महिन्याच्या सुट्टीत बाबांकडून फक्त दोन गोष्टी माग : 60 मिमी व्यासाच्या 6061 जातीच्या ॲल्युमिनियम बारचा तुकडा आणि मशीन रिकामी असेल तो वेळ. पहिला नग कापताना त्यांच्याजवळ उभी राहा. बेअरिंगची सीट, मधलं एम-4 चं टॅपिंग (स्क्रूचे आटे) आणि दोरीकडची बाजू एकाच चकिंगमध्ये, म्हणजे भाग मशीनमध्ये एकदाच पकडून, करून घे. नंतर भाग उलटा धरून बाहेरची वाटी कापताना रनआउट आला, म्हणजे भाग केंद्रातून जरा सरकून फिरला, तर यो-यो हातात थरथरतो. सॉफ्ट जॉ आणि डायल इंडिकेटर कशासाठी असतात, हे त्या दिवशी तुला पुस्तकाशिवाय कळेल. ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर रंगीत थर चढवणं, बाहेरून करून घे, घरी ॲसिडशी खेळू नकोस. त्या थराने सीटचं माप थोडं बदलतं, तेही आधी धरून ठेव. मॅग्नेशियमच्या वाटेला तर आता जाऊच नकोस. त्याचा बारीक कीस पेटतो आणि पाणी मारलं तर आग भडकते.

या कामातलं तुला काय सगळ्यात जास्त आवडलं, त्यावर पुढचं शिक्षण ठरव. आकार आणि हातातला अनुभव आवडला तर बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी बारावीत यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट. एनआयडीत पुढे एम.डेसला खेळणी आणि खेळ यांच्या डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. आकडे आणि धातू आवडले तर सीईटीतून मेकॅनिकल. आणि कापण्यातच मन रमलं तर टूल अँड डायचं, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवण्याचं, शिक्षण; छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम त्यासाठी नावाजलेलं आहे. या शेवटच्या रस्त्याला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. चांगल्या टूलरूममध्ये शिकलेली मुलं मला बेकार बसलेली दिसत नाहीत. तुझं पत्र वाचून माझा कल बी.डेस.कडे झुकला होता. वहीत छेद नाही हे पाहून मी मेकॅनिकलचा दरवाजाही उघडा ठेवायला सांगतेय. म्हणजे सीईटीचा अभ्यास करायचाच. आईला तसं सांग.

मेमध्ये केलेला नग, त्याचं ड्रॉइंग, दोन्ही अर्ध्या भागांची वजनं आणि काय बिघडलं त्याची नोंद एकत्र ठेव. डिझाइनच्या मुलाखतीत कुणीही भरलेल्या वहीपेक्षा ते आधी हातात घेईल. पीकची हुबेहूब नक्कल करून विकू नकोस. अभ्यासासाठी मापं घे, आकार मात्र तुझा असू दे. पुढेमागे 14 वर्षांखालच्या मुलांसाठी विकायचं ठरवलंस तर 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्याची माहिती आधी काढ.

राहिला पीक. आत्ता घेऊ नकोस. जुना, दुर्मिळ नग तू उघडायला आणि फेकायला घाबरशील, कपाटात ठेवशील. त्या पैशांच्या छोट्या भागात अनरिस्पॉन्सिव्ह जातीचा, म्हणजे नुसत्या झटक्याने वर न येणारा, एखादा साधा ॲल्युमिनियम यो-यो घे. तो पूर्ण उघड, व्हर्नियरने प्रत्येक माप घे आणि त्याचा छेद वहीच्या पुढच्या पानावर काढ. उरलेल्या पैशांत बार, बेअरिंग आणि दोरीला पकड देणारे सिलिकॉन पॅड येतील. छेद काढून झाला की मला पाठव, कापायच्या आधी आपण तो एकदा बघू.