मिरचीआधीचा रस्सा

प्रश्न : मिरची मूळची अमेरिकेतली, तर ती येण्याआधी आपल्याकडे तिखटाला काय घालत? तसा रस्सा आज घरी जमेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मिरे, पिंपळी आणि आले-सुंठ. आयुर्वेदातले त्रिकटू ते हेच. १४९२ मध्ये कोलंबस निघाला तोही मिऱ्या-मसाल्यांच्या मुलखाची वाट शोधत, सापडली मिरची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्या शतकातच त्यांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. मिऱ्याच्या वेलाला दमट हवा हवी, आधाराला झाड हवे, शिवाय पहिल्या पिकासाठी तीनेक वर्षे थांबायचे. मिरची घाटावरच्या कोरड्या रानातही चार महिन्यांत तोडणीला येते. ती घरोघर पोचली ती यामुळे.

आता रस्सा. अर्धा किलो मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवा आणि अळणी पाणी वेगळे काढा. अर्धी वाटी भाजलेले सुके खोबरे, दोन चमचे तीळ, चमचाभर खसखस आणि परतलेले दोन कांदे बारीक वाटा. काजू नको, तो ब्राझीलचा; टोमॅटोही नको. वाटणाला तेल सुटले की मटण आणि अळणी घालून उकळा. दीड चमचा मिरे व चार पिंपळ्या ताज्या कुटून शेवटच्या पाच मिनिटांतच घाला. आधी घातल्या तर वास वाफेबरोबर जातो. पिंपळी वाढवू नका, जीभ बधिर होते. तांबडा तवंग मात्र येणार नाही. तेलात उतरणारा तो रंग मिरचीचाच. चव नक्की घेऊन पाहा, तिखट जिभेपेक्षा घशात जाणवेल.

प्रश्न : उपवासाच्या खिचडीतले परदेशी काय?
– गडहिंग्लज

उत्तर : साबुदाणा (तो कसाव्याच्या कंदाचा), शेंगदाणे, बटाटा, मिरची, चारही अटलांटिकपलीकडचे. रताळेही तिकडचेच. जुन्या वाणाचा फराळ हवा असेल तर वरी आणि शिंगाडा.

प्रश्न : ऊसही तिकडूनच आला का?
– शिरोळ

उत्तर : नाही, तो इकडून तिकडे गेला. उसाचे मूळ न्यू गिनीकडे, रसापासून साखर करण्याची विद्या भारतातली. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने कॅनरी बेटांवरून उसाचे बेणे हिस्पॅनिओला बेटावर नेले. तोडलेला ऊस शिळा झाला की त्यातली साखर घटते आणि गूळ धरत नाही, हे आपल्या गुऱ्हाळवाल्यांना सांगायला नको. म्हणून तिथले घाणे हंगामात रात्रंदिवस चालत आणि त्यांना माणसे लागत. बेटांवरचे मूळ रहिवासी सक्तीच्या कामाने आणि युरोपातून आलेल्या देवीसारख्या रोगांनी झपाट्याने मेले होते. मग आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. सुमारे साडेतीन शतकांत अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांत चढवलेल्यांची संख्या सव्वा कोटीच्या घरात जाते. त्यांतली सुमारे १८ लाख माणसे समुद्रातच दगावली. उरलेल्यांतला फार मोठा हिस्सा ब्राझील आणि कॅरिबियनच्या ऊसमळ्यांवर गेला.