पेलेट निवडताना
शिकारीची काडतुसं डोक्यातून काढ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस गेले. बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर दहा मीटरला एअर रायफल मारायचीय ना, मग पेलेट, म्हणजे तिची छोटी गोळी, नीट निवड. चपट्या डोक्याचीच घे, नेमाच्या कार्डावर भोक गोल पडतं. टोकदार पेलेट कागद फाडते. डबीवर 4.49, 4.50 असं असतं, ते डोक्याचं माप, मिलिमीटरमध्ये. मित्राला कोणती चालली ते विचारू नकोस, रायफलच्या प्रत्येक नळीची आवड वेगळी. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळ, प्रत्येक डबीतल्या दहा-दहा मार. भोकं एकमेकांवर बसली की तीच डबी. कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो रे! मी वर्षभर खाली पडून चेपलेल्या पेलेटही मारल्या आणि दोष श्वासाला दिला. आणि हो, ते शिसं आहे. वडापावला हात लावण्याआधी साबणाने धू.